जागतिक अर्थपरिषदेचे अध्यक्षपद आणि शेतकरी

सन २०२३ साली आपल्या देशाकडे वीस राष्ट्रांच्या गटाचे, म्हणजे ज्यास सर्वत्र 'जी-२०' या नावाने ओळखतात त्या परिषदेचे, अध्यक्षपद होते. त्या वर्षी मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद आणि गोवा या ठिकाणीही तिच्या बैठका भरल्या. रस्त्यांची डागडुजी झाली, भिंती रंगल्या, परदेशी पाहुणे आले आणि गेले. पुढे लोक ती गोष्ट विसरले. परंतु आमच्या मंडळातील काही कांदा उत्पादक सभासद ती विसरले नाहीत. त्यांचा प्रश्न असा की, "देश जगाच्या अर्थपरिषदेचा अध्यक्ष झाला खरा, मग त्याच वर्षी ऑगस्टात आमच्या कांद्यावर निर्यातशुल्क कसे बसले? त्या अध्यक्षपदाचा आम्हांस उपयोग तो कोणता?"

हा प्रश्न संतापाने विचारलेला असला तरी विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही; आणि जे एका वाक्यात देतात ते एक तर नुसती स्तुती करतात किंवा नुसती निंदा. यास्तव ही परिषद काय आहे, तिच्या अध्यक्षाच्या हाती काय असते व काय नसते, भारताने त्या वर्षी काय मिळविले आणि त्यातून शेतकऱ्याने कोणता बोध घ्यावा, हे क्रमाने पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

१. परिषदेचा जन्म

सन १९९७ साली थायलंड देशाचे चलन एकाएकी घसरले. ती आग इंडोनेशिया, दक्षिण कोरिया इत्यादी देशांत पसरली. पेढ्या बुडाल्या, कारखाने बंद पडले, लाखो लोक निरुद्योगी झाले. तोपर्यंत जगाच्या अर्थव्यवहाराचा विचार सात धनाढ्य राष्ट्रे आपसांत बसून करीत असत. आशियातील या संकटाने त्यांच्या ध्यानात आले की, ज्यांच्या घरी आग लागते त्यांना बैठकीबाहेर ठेवून ती विझविता येत नाही. म्हणून डिसेंबर १९९९ मध्ये बर्लिन येथे एकोणीस देश व युरोपीय संघ यांचे अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांचे प्रमुख प्रथम एकत्र जमले. भारत तेव्हापासूनच सभासद आहे. सन २००२ मध्ये या अर्थमंत्र्यांच्या परिषदेचे अध्यक्षपदही भारताकडे होते. परंतु ती बैठक अधिकारी व अर्थमंत्री यांच्यापुरतीच असल्याने सामान्य जनांस तिची वार्ता फारशी नव्हती.

पुढे सन २००८ मध्ये संकट उलट्या दिशेने आले. या खेपेस आग अमेरिकेतील बड्या पेढ्यांत लागली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन येथे या गटातील देशांचे प्रमुख स्वतः जमले. आणि सन २००९ मध्ये पिट्सबर्ग येथे असे ठरले की, यापुढे आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्याची मुख्य बैठक हीच समजावी. जगाच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे ८५ टक्के, व्यापाराचा सुमारे ७५ टक्के आणि लोकसंख्येचा सुमारे दोनतृतीयांश हिस्सा या सभासदांकडे आहे. यावरून या बैठकीचे वजन ध्यानात येईल.

२. अध्यक्षाच्या हाती काय असते

एवढी मोठी परिषद असूनही तिला घटना नाही, कायमची कचेरी नाही आणि हुकूम बजावण्याचा अधिकारही नाही. अध्यक्षपद दरवर्षी एका देशाकडून दुसऱ्याकडे जाते. भारताचा काळ १ डिसेंबर २०२२ ते ३० नोव्हेंबर २०२३ असा होता. मागील अध्यक्ष, चालू अध्यक्ष व पुढील अध्यक्ष असे तिघे मिळून कामाचा दुवा राखतात. मतदान होत नाही. सर्वांची संमती मिळाली तरच ठराव होतो. एकानेही मान हलविली नाही तर कागद कोराच राहतो.

आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. तेथे वाटणीची शेकडो प्रकरणे आम्ही पाहिली. भाऊबंद आपसांत वाटणी करू इच्छितात तेव्हा गावातील एखाद्या वडीलधाऱ्यास मध्ये बसवितात. त्यास कोणावर जबरी करता येत नाही. सर्व भावांनी सही केली तरच वाटणीपत्र होते. तरीही त्याचे महत्त्व लहान नसते. कोणत्या गट नंबरापासून बोलणे सुरू करावयाचे, विहिरीच्या पाळीचा विषय आधी घ्यावयाचा की मागाहून, सासरी गेलेल्या बहिणीस बोलावणे धाडावयाचे की नाही, आणि कच्चा मसुदा कोणी लिहावयाचा, हे तो ठरवितो. वाटणीचे निम्मे फळ या चार गोष्टींवर अवलंबून असते, हे ज्यांनी वाटण्या पाहिल्या आहेत त्यांस सांगावयास नको.

जी-२० च्या अध्यक्षाचे काम हुबेहूब असेच आहे. विषयपत्रिका त्याची, निमंत्रणे त्याची, मसुदा त्याच्या लेखणीचा. सही मात्र ज्याची त्याची. विकसनशील देशास हे पद मिळते तेव्हा त्याचा खरा लाभ हा की, एरवी ज्या गोष्टी शेवटच्या पानावर जातात त्या पहिल्या पानावर घेता येतात. अन्न, खत, कर्जबाजारी देश, हवामानाचे फटके हे विषय त्यांपैकी होत.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. शेतमालाच्या व्यापाराचे बंधनकारक नियम या परिषदेत होत नाहीत; ते जिनिव्हा येथील जागतिक व्यापार संघटनेत होतात. तिच्या सप्टेंबर २००३ मधील मेक्सिकोतील कानकून येथील परिषदेत ब्राझील, भारत इत्यादी विकसनशील देशांनी एक फळी उभारली आणि अमेरिका व युरोप यांनी मिळून आणलेला शेतीविषयक मसुदा अडविला. त्या फळीसही जी-२० असेच नाव पडले. पण ती फळी निराळी आणि ही परिषद निराळी. तेथे विकसनशील देश वादीच्या भूमिकेत होते. येथे अध्यक्षाने मध्यस्थाच्या भूमिकेत राहावयाचे असते. श्रीमंत देशांनी शेतमालास दिलेली निर्यात-अनुदाने बंद करण्याचे जे ठरले ते जागतिक व्यापार संघटनेच्या डिसेंबर २०१५ मधील नैरोबी येथील परिषदेत. सबब कोणते गाऱ्हाणे कोणत्या दारी न्यावयाचे, हे ठाऊक असल्यावाचून धावाधाव व्यर्थ जाते.

३. भारताने काय साधले

भारताकडे अध्यक्षपद आले तेव्हा रशिया व युक्रेन यांच्यातील युद्धास नऊ महिने झाले होते. गहू, सूर्यफूल तेल व खते यांच्या बाजारात त्याचे पडसाद उमटले होते. परिषदेतील देश दोन तटांत विभागले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूर येथे अर्थमंत्र्यांची आणि मार्चमध्ये दिल्ली येथे परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. दोन्ही ठिकाणी संयुक्त निवेदन निघू शकले नाही. अध्यक्षाने आपल्या सहीचा सारांश प्रसिद्ध करून वेळ निभावली. या शिखर परिषदेत काही निष्पन्न होणार नाही, असे तेव्हा पुष्कळांचे अनुमान होते.

तथापि ९ सप्टेंबर २०२३ रोजी नवी दिल्लीत भारत मंडपम् येथे ८३ परिच्छेदांचा जाहीरनामा सर्वसंमतीने स्वीकारला गेला. यामागे भारताबरोबरच इंडोनेशिया, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांचे श्रम होते. हे तीन देश म्हणजे मागील अध्यक्ष, पुढील अध्यक्ष आणि त्यापुढील अध्यक्ष. चार विकसनशील देशांच्या हाती लागोपाठ चार वर्षे ही सूत्रे आल्याने मसुदा लिहिणाऱ्यांत ऐक्य राहिले, हा त्या यशाचा एक गाभा होय. युद्धासंबंधीची भाषा मात्र मऊ झाली. युक्रेनच्या परराष्ट्र खात्याने त्याविषयी उघड नाराजी दर्शविली. सर्वांच्या सह्या मिळवावयाच्या म्हणजे शब्दांची धार कमी होते. वाटणीपत्रातही असेच होते.

दुसरी गोष्ट अधिक टिकाऊ स्वरूपाची आहे. आफ्रिका खंडातील ५५ देशांचा आफ्रिकी संघ या परिषदेचा कायम सभासद झाला. त्या दिवशी सभागृहात संघाचे तत्कालीन अध्यक्ष, कोमोरोस देशाचे राष्ट्रपती अझाली असूमानी यांस त्यांच्या आसनापर्यंत नेऊन बसविण्यात आले. तोपावेतो एकट्या दक्षिण आफ्रिकेवाचून त्या खंडातील कोणी येथे सभासद नव्हता. तत्पूर्वी जानेवारी २०२३ मध्ये भारताने विकसनशील देशांची एक दूरस्थ सभा बोलावून १२५ देशांचे म्हणणे ऐकून घेतले होते. ज्यास बोलावणे नव्हते त्या बहिणीस बोलावून वाटणीत बसविल्यासारखे हे झाले. जाहीरनाम्यातील पुष्कळ शब्द विरून जातील; ही खुर्ची मात्र राहील.

४. शेतीसंबंधी काय ठरले

शेतीच्या कामासाठी निराळा गट होता. त्याच्या बैठका इंदूर व चंदिगढ येथे झाल्या. शेतकीशास्त्रज्ञ वाराणसीस भेटले. आणि जून २०२३ मध्ये हैदराबाद येथे कृषिमंत्र्यांची परिषद झाली. तेथे अन्नसुरक्षा व पोषण यांविषयी सात तत्त्वे मान्य झाली. त्यांस 'दख्खन तत्त्वे' असे नाव आहे. संकटग्रस्त देशांस अन्नाची मदत; सकस अन्नाची उपलब्धता व गरिबांसाठी अन्नाची हमी; हवामानाचा मारा सोसणारी शेती; शेतापासून ताटापर्यंतच्या साखळीत लहान उत्पादक, स्त्रिया व तरुण यांचा समावेश; माणूस, जनावर व निसर्ग यांच्या आरोग्याचा एकत्र विचार; नव्या व संगणकीय साधनांचा उपयोग; आणि शेतीत जबाबदारीची सरकारी व खासगी गुंतवणूक, असा त्यांचा थोडक्यात आशय आहे.

आमच्या कोरडवाहू वाचकांस याहून जवळचा विषय भरडधान्याचा. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरविले होते. त्या सूचनेस ७२ देशांचा पाठिंबा होता. अध्यक्षपदाचे वर्ष आणि भरडधान्याचे वर्ष एकच आल्याने ज्वारी, बाजरी, नाचणी यांची नावे प्रथमच राष्ट्रप्रमुखांच्या मेजावर आली. या धान्यांवरील संशोधनासाठी 'महर्षि' या नावाने एक आंतरराष्ट्रीय उपक्रमही ठरला. सोलापूरच्या मालदांडीस किंवा कोकणच्या नाचणीस याचा लाभ केव्हा व किती पोहोचेल, हे बियाणे, मळणीची यंत्रे आणि खरेदीची व्यवस्था यांवर अवलंबून आहे. भाकरीचा मान वाढला, एवढ्याने ज्वारी पेरणाऱ्याचा खर्च निघत नाही. पण मान नसलेल्या धान्यावर संशोधनाचा पैसा कोणी खर्चीत नाही, हेही तितकेच खरे.

पूर्वीच्या अध्यक्षांच्या कामातून एक उपयोगी गोष्ट निघाली आहे, तिचाही येथे उल्लेख करतो. सन २०११ मध्ये फ्रान्स अध्यक्ष असताना या परिषदेने गहू, मका, तांदूळ व सोयाबीन या चार पिकांच्या जागतिक साठ्याची व उत्पादनाची माहिती एकत्र करून प्रसिद्ध करण्याची व्यवस्था केली. तिचे दप्तर रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत आहे. दिल्लीच्या जाहीरनाम्यात ही व्यवस्था बळकट करण्याचे वचन आहे. मराठवाडा व विदर्भातील सोयाबीन उत्पादकांनी ही माहिती पाहण्याची सवय ठेवावी. कारण लातूरच्या बाजारातील भाव ब्राझीलमधील पिकाकडे पाहूनही ठरतो.

आता मुख्य वाक्याकडे येऊ. जाहीरनाम्यात सर्व देशांनी असे मान्य केले आहे की, शेतमाल, अन्न व खते यांचा व्यापार खुला, न्याय्य, पूर्वअंदाज करता येण्याजोगा व नियमबद्ध राहील असे आम्ही करू. आणि जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांस अनुसरून निर्यातबंदी वा निर्बंध घालून बाजार बिघडविणार नाही. वाचकांनी यातील 'पूर्वअंदाज करता येण्याजोगा' हे शब्द लक्षात ठेवावेत. आमच्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने साऱ्या जाहीरनाम्यात याहून मोलाचे शब्द नाहीत.

५. घरचा हिशेब

आता आमच्या सभासदांच्या प्रश्नाकडे वळतो. प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, कांद्यावरील शुल्क जी-२० ने बसविले नाही. ते आपल्याच सरकारने बसविले. त्यास परिषदेची संमती लागत नव्हती आणि परिषदेस ते अडविण्याचा अधिकारही नव्हता. म्हणून 'अध्यक्षाचे कोणी ऐकले नाही' असे म्हणणे बरोबर नाही. खरा प्रश्न हा की, अध्यक्षाने जे शब्द लिहिले ते त्याच्या स्वतःच्या घरी कितपत पाळले गेले.

तारखा पाहू. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. म्हणजे बंदरावर शंभर रुपये किमतीच्या मालावर चाळीस रुपये अधिक. नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. २२ ऑगस्टला सरकारने २ लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपये दराने खरेदी करण्याचे जाहीर केले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत दिल्लीत वरील जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस टनास ८०० डॉलर ही किमान निर्यातकिंमत ठरली. अध्यक्षपद संपून आठवडा होतो न होतो तोच, ८ डिसेंबरला, निर्यात पूर्ण बंद झाली. ती ४ मे २०२४ रोजी उठली. परंतु ५५० डॉलरची किमान किंमत व ४० टक्के शुल्क राहिले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान किंमत गेली व शुल्क २० टक्के झाले. शेवटी १ एप्रिल २०२५ पासून शुल्क उठले. मधली मुदतवाढ न धरताही वीस महिन्यांच्या आत सहा वेळा नियम बदलला.

आता हे पीक कसे येते ते पाहा. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. शेतकरी तो चाळीत भरतो. सड, घट, मोड हे सर्व सोसून तो श्रावण-भाद्रपदात भाव येईल या आशेने ठेवतो. चाळीत भरताना जो नियम असतो तोच विकताना असेल, अशा विश्वासावर हा सारा व्यवहार उभा आहे. ऑगस्टात नियम बदलला म्हणजे ज्याने एप्रिलात निर्णय घेतला त्यास तो निर्णय बदलण्याची सोय राहत नाही. कांदा परत शेतात जात नाही. व्यापारी भाव पाडून आपले शुल्क वसूल करू शकतो. शेतकऱ्यास ते कोणाकडूनही वसूल करता येत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही सांगितले पाहिजे. तसे न केल्यास हा अभ्यास नव्हे, फिर्याद होईल. २०२३ चा ऑगस्ट महिना सन १९०१ पासूनच्या नोंदींत देशात सर्वांत कोरडा ठरला. जुलैत टोमॅटोने शहरातील गृहिणीस घाम फोडला होता. कांदाही तसाच भडकला तर मजुराच्या ताटातून तो नाहीसा होईल, ही सरकारची भीती निराधार नव्हती. तीव्र टंचाई टाळण्यासाठी तात्पुरते निर्बंध घालण्याची मुभा जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांतही आहे. सबब नियमभंग झाला असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, 'पूर्वअंदाज' या शब्दाची बूज राहिली नाही.

हीच गोष्ट तांदळाची. २० जुलै २०२३ रोजी बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. जगाच्या तांदूळव्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. आणि पश्चिम आफ्रिकेतील कित्येक देशांचे पोट बाहेरून येणाऱ्या तांदळावर चालते. काही देशांस सरकारमार्फत तांदूळ देण्याची तजवीज ठेवली होती, हे खरे. तरीही ज्या आफ्रिकेस सप्टेंबरात आपण आदराने आसन दिले, तिच्या बाजारात जाणारी वाट जुलैत अरुंद केली होती. ही बंदी सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस उठली.

ऊस उत्पादकांचाही अनुभव निराळा नाही. दिल्लीच्या शिखर परिषदेच्या वेळीच, ९ सप्टेंबरला, जैवइंधनाचा जागतिक संघ स्थापन झाला. भारत, ब्राझील व अमेरिका हे त्यातील प्रमुख. कारखान्यांनी इथेनॉलसाठी उभारणी केलेली होतीच. ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाईचा हुकूम निघाला. पाऊस कमी, साखर कमी पडेल, हे कारण. आठवड्याभरात तो हुकूम १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सैल करण्यात आला आणि पुढील हंगामासाठी ती मर्यादाही गेली. कारण समजण्याजोगे होते. पण गाळप सुरू झाल्यावर हुकूम निघतो तेव्हा कारखान्याचा हिशेब चुकतो, आणि तो चुकला म्हणजे उसाच्या बिलास उशीर लागण्याचे भय असते.

आमच्याकडे म्हण नसली तरी अनुभव आहे की, दुसऱ्यांची वाटणी करावयास बसणाऱ्याने स्वतःचा बांध सरळ ठेवावा. बांध वाकडा दिसला तर त्याच्या न्यायावर कोणी उघड आक्षेप घेत नाही. पण पुढच्या वाटणीस त्यास बोलावताना लोक विचार करतात. जिनिव्हाच्या बैठकीत आपण श्रीमंत देशांस 'तुमची अनुदाने आमचा बाजार बिघडवितात' असे सांगतो. ते म्हणणे खरे आहे. त्याच बैठकीत 'तुमची निर्यातबंदी बाजार बिघडविते' असे उत्तर येते, तेव्हा आपल्या बोलण्याचे वजन घटते. आणि ते वजन घटल्याचा तोटा शेवटी शेतकऱ्यासच सोसावा लागतो.

६. भारतानंतरचे अध्यक्ष

भारतानंतर ब्राझीलकडे सूत्रे गेली. त्याने भूक व दारिद्र्य यांविरुद्ध जागतिक आघाडी हा विषय अग्रभागी घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिओ दि जानेरो येथे ती स्थापन झाली तेव्हा ८० हून अधिक देश तीत सामील झाले. पुढे दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्ग येथे परिषद भरविली. आफ्रिकेच्या भूमीवरील ही पहिलीच शिखर परिषद. अमेरिकेने तीवर बहिष्कार घातला, तरी जाहीरनामा स्वीकारला गेला. १ डिसेंबर २०२५ पासून अध्यक्षपद अमेरिकेकडे गेले आणि विकसनशील देशांच्या चार वर्षांची मालिका संपली. खुर्ची फिरती आहे, हे यावरून दिसते. खुर्चीवर असताना जे कागदावर पक्के झाले आणि जे दुसऱ्यांनी पुढे चालविले, तेवढेच आपले.

७. शेतकऱ्यांनी घ्यावयाचा बोध

कचेरीत एक रीत असे. बैठक झाली की इतिवृत्त लिहावयाचे, आणि पुढच्या बैठकीत प्रथम मागील ठरावांचा पूर्तता अहवाल वाचावयाचा. ज्या बैठकीत हा अहवाल वाचला जात नसे तिचे ठराव नस्तीत झोपी जात. मग बैठकीस कितीही मोठा साहेब बसलेला असो. जाहीरनाम्याचेही असेच आहे. ज्यांच्या हिताचे वाक्य त्यात आहे त्यांनीच त्याच्या पूर्ततेची मागणी केली पाहिजे. दुसऱ्या कोणास ते वाक्य आठवणार नाही.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, दार ओळखावे. निर्यात बंद वा खुली करण्याचा हुकूम वाणिज्य मंत्रालयाखालील विदेश व्यापार महासंचालनालयातून निघतो; निर्यातशुल्क वित्त मंत्रालयाकडून बसते; सरकारी साठ्यासाठी कांदाखरेदी ग्राहक व्यवहार विभागाच्या धोरणाने होते. एकच अर्ज तिघांस 'सरकार' म्हणून धाडला तर तो तिघांकडेही पडून राहतो. प्रत्येकास त्याच्या हातातील गोष्टीपुरता, तारखेनिशी, निराळा अर्ज करावा.

दुसरी, मागणी अशी करावी की जी नाकारणे कठीण जाईल. 'निर्यातबंदी कधीच नको' ही मागणी दुष्काळाच्या साली कोणतेही सरकार मान्य करणार नाही. पण 'अमुक भाव झाला तर अमुक शुल्क लागेल हे रब्बीच्या लागवडीपूर्वी जाहीर करा, आणि चाळीत माल भरल्यावर हंगामाच्या मध्यात नियम बदलू नका' ही मागणी न्याय्य आहे. कारण भारताने स्वतः अध्यक्षस्थानी बसून मान्य केलेल्या वाक्याचा तो सरळ अर्थ आहे. अर्जात त्या जाहीरनाम्याचा व ९ सप्टेंबर २०२३ या तारखेचा उल्लेख अवश्य करावा.

तिसरी, दप्तर ठेवावे. चाळीत माल केव्हा भरला, किती भरला, किती सडला, केव्हा व कोणत्या भावाने विकला, त्या दिवशी कोणता नियम लागू होता, याची नोंद प्रत्येक सभासदाने पट्टीसह ठेवावी आणि मंडळाने ती एकत्र करावी. 'आमचे फार नुकसान झाले' असे म्हणणारे हजारो असतात; तारीखवार आकडे पुढे ठेवणारा विरळा. आमच्या तीस वर्षांच्या अनुभवात असा एक कागद शंभर भाषणांहून अधिक चालला आहे.

एवंच, अध्यक्षपद हे निव्वळ मिरवणूक नव्हते आणि कल्पवृक्षही नव्हता. त्याने आफ्रिकेस आसन मिळाले, ज्वारी-बाजरीस मान मिळाला, आणि शेतकऱ्यास एक वाक्य मिळाले. आसन व मान यांची काळजी घेणारे आहेत. त्या वाक्याची काळजी आपण घेतली पाहिजे.

मंडळाच्या बैठकीत विचार करण्यासाठी प्रश्न

१. सर्वसंमतीने चालणाऱ्या परिषदेत अध्यक्षाचे खरे बळ कशात असते? आपल्या गावातील एखाद्या वाटणीचे उदाहरण घेऊन सांगावे.

२. जी-२० आणि जागतिक व्यापार संघटना यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे?

३. ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२५ या काळात आपण कांदा, तांदूळ वा ऊस कोणत्या तारखांस विकला आणि त्या दिवशी कोणता नियम होता? प्रत्येकाने आपल्या पट्ट्या काढून तक्ता करावा.

४. शहरातील गरीब ग्राहक व कांदा उत्पादक या दोघांसही न्याय देईल असा, लागवडीपूर्वी जाहीर करण्याजोगा, नियम कसा असावा? आपला मसुदा मंडळाकडे लिहून द्यावा.